आबा आमच्याकडे का जेवत नव्हते

नाताळच्या दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्या मावशी कपड्यांचा गठ्ठा घेऊन आल्या. गठ्ठ्यावर एक छोटा स्टीलचा डबा होता.

"तुमचा सण हाय," त्या म्हणाल्या, "मोकळ्या हातानं कसं यायचं? समोरच्या वहिनींनी काल मला फराळ दिला हुता. त्यातलंच थोडं तुमाला आणलं."

मावशी गेल्या. बायकोने डबा उघडला. आत करंज्या होत्या. तिने एक उचलली, खिडकीच्या उजेडात धरली आणि कडेवरून बोट फिरवलं.

"अहो, ही माझी आहे."

"कशावरून?"

"माझ्या हाताची मुरड मला कळत नाही?"

आमच्या गल्लीत बहुतेक घरी करंजीची कड कातणाने कापतात. बायको मात्र बोटाने मुरड घालते, बारीक, वेणीसारखी, तिच्या आईकडून शिकलेली. तरी मी विज्ञानाचा शिक्षक. एका पुराव्यावर माझं भागत नाही. मी करंजी फोडली आणि चाखली. सारणात खसखस आणि चारोळी, तीही आमच्याच प्रमाणात. पुरावा पक्का झाला आणि मी तो खाऊन टाकला.

समोरच्या वहिनी म्हणजे आबांच्या पत्नी, आणि आबा म्हणजे आमचे सोळा वर्षांचे शेजारी. कोपरगावात आमची दोन घरं समोरासमोर आहेत. मधली गल्ली इतकी बारीक की त्यांच्या कुकरची शिट्टी झाली की बायको आमचा गॅस बंद करते. आदल्या दिवशी सकाळी चर्चमधल्या उपासनेहून आल्यावर मीच फराळाचं ताट त्यांच्या दारात नेलं होतं. आबांनी दोन्ही हातांनी घेतलं होतं. वहिनींनी रिवाजाप्रमाणे ताट रिकामं परत न देता त्यात साखर घालून दिली होती. आणि संध्याकाळपर्यंत आमच्या करंज्या मावशींच्या घरी पोचल्या होत्या.

"एखाद्या वेळेस जास्त झाल्या असतील," मी म्हणालो.

"सगळ्या?" बायको म्हणाली. डब्यात चकली होती, शंकरपाळे होते, अनारसेही होते. म्हणजे आमचं अख्खं ताट होतं.

इथे आबांविषयी थोडं सांगायला हवं. ते साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. उसाची गाडी काट्यावर चढते, आबा वजन घेतात, आणि गाडीवाला त्यांच्याकडे चोराकडे बघावं तसं बघतो. अख्ख्या नोकरीत त्यांनी एक किलोही इकडचा तिकडे केला नसेल. पण काट्यावर बसणाऱ्याला कोणी साधू म्हणत नाही. मूळचे ते नगरच्या पलीकडच्या खर्डा गावाकडचे. जानेवारीअखेर निवृत्त होऊन कायमचे गावी जाणार होते. रोज संध्याकाळी आमच्या पायरीवर आम्ही दोघं बसायचो. गळ्यात तुळशीची माळ, हातात भुईमुगाच्या शेंगा, आणि कारखान्यातल्या गोष्टी. मला जवळचा म्हणावा असा मित्र या गावात एकच, तो हा.

आणि बायकोची एकच इच्छा होती. आबा-वहिनींनी जायच्या आधी एकदा तरी आमच्या घरी पाटावर बसून जेवावं. कारण सोळा वर्षांत ते जेवले नव्हते. आम्ही त्यांच्याकडे जेवलो होतो, पुरणपोळ्या खाल्ल्या होत्या, दिवाळीचे चिरोटे दरवर्षी हादडले होते. ते मात्र कधी नाही. आजवर ते योगायोगाने राहून गेलं असं आम्ही समजत होतो. करंज्यांचा डबा उघडला आणि त्या योगायोगावरचं झाकणही उघडलं.

मग मला जुनं सगळं नव्याने आठवायला लागलं. पायरीवर चहा आला की आबा म्हणायचे, "मला न्हाई, पित्त हुतं." हेच आबा कारखान्याच्या गेटसमोर टपरीवर चहा पिताना मी दोनदा पाहिले होते. तेव्हा मला वाटलं होतं, बरं झालं, पित्त कमी झालं.

माझ्या वडिलांनी हे सगळं पहिल्याच दिवशी ओळखलं असतं. आमचे आजोबा ख्रिस्ती झाले, शिकले, चर्चमध्ये पेटी वाजवायला लागले. पण गावाने त्यांच्यासाठी पाण्याचा जो तांब्या बाजूला ठेवला होता तो काही बदलला नाही. त्यामुळे वडिलांनी मला शिष्टाचार एकच शिकवला. कोणाच्या घरी गेलास की माणसाआधी कप बघ. बाकीच्यांच्या कपासारखा आहे का, की कान तुटलेला, खिडकीत वेगळा ठेवलेला आहे? मी आयुष्यभर कप बघत आलो आहे. आबांच्या घरी कप सारखे होते. म्हणून मी निश्चिंत झालो. ते आमच्या घरी काय घेतात, हे बघायला मला वडिलांनी शिकवलं नव्हतं.

एक गोष्ट अजून आहे, पण ती वेगळी. निदान तेव्हा मला ती वेगळी वाटत होती. आबा दर गुरुवारी मोटरसायकलवर शिर्डीला जायचे आणि येताना माझ्यासाठी प्रसादाचा लाडू आणायचे. मी दोन्ही हातांनी घ्यायचो, फ्रिजवर ठेवायचो आणि शुक्रवारी सकाळी मावशी आल्या की त्यांना द्यायचो. आमच्या घरात मूर्तीपुढे ठेवलेलं खात नाहीत. हे आजोबांपासून चालत आलेलं आहे आणि मला ते मनापासून पटतं. त्यात आबांचा अपमान नव्हता असं माझं मत होतं. आबांचं मत मी विचारलं नव्हतं. दिवाळीचा फराळ आधी देवापुढे ठेवून मग आमच्याकडे येतो का, हेही मी कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर कदाचित चिरोटे सोडावे लागले असते.

तर मी तपासाला लागलो.

आधी जेवणाचं आमंत्रण दिलं. "आबा, येत्या बुधवारी आमच्याकडे जेवायला या. दोघंही."

आबा शेंग सोलत होते. ते थांबले. "बुधवारी एकादशी हाय न्हवं."

"असं का? मग गुरुवारी."

"गुरुवारी शिर्डी."

घरी येऊन मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. एकादशी होऊन गेली होती. पुढची यायला अजून बराच अवकाश होता. ज्या माणसाने आयुष्यभर एकादशी चुकवली नाही, तो तिची तारीख चुकवेल?

मग मी खिडकीशी टेबल ओढून नववीच्या वह्या तपासायला बसलो. वहिनी मावशींच्या हातात काय देतात ते तिथून दिसतं. एक दिवस पिशवी गेली, एक दिवस डबा. मी वहीवर बरोबरची खूण करायच्या जागी नुसतीच रेघ ओढली. बायको मागे येऊन उभी राहिली.

"तुम्ही वह्या तपासताय की माणसं?"

"दोन्ही."

"मुलांना तरी नीट मार्क द्या."

तिसरा प्रयोग मी शिक्षकी पद्धतीने केला. बायकोने घरची मेथीची वडी दिली; आबा म्हणाले, "घरी नेतो," आणि पिशवीत ठेवली. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून पेरू आणले आणि एक त्यांच्या पुढे धरला. त्यांनी तिथेच गुडघ्यावर आपटून फोडला, मीठ मागितलं आणि बियांसकट खाल्ला. आमच्या घरचं मीठ लावून.

म्हणजे कच्चं चालत होतं, शिजवलेलं चालत नव्हतं. ही वाटणी मला नवी नव्हती. आजोबांच्या गावात तीच होती. शेतातलं कणीस त्यांच्या हातचं चालायचं, चुलीवरचं चालत नसे. पेरू खाऊन आबा हात पुसत गेले आणि मी पायरीवर बसून राहिलो. मला राग आला असता तर बरं झालं असतं. पण मला लाज वाटत होती. नेमकी कशाची, तेही कळत नव्हतं.

त्याच आठवड्यात आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी मला गाठलं. जानेवारीत पुरुष संघाचा रविवार असतो. त्या दिवशी उपदेश मंडळीतला एखादा पुरुष देतो.

"या वर्षी तुम्ही बोला, सर. विषय आहे, प्रामाणिक आणि मोकळं जीवन जगणारा ख्रिस्ती पुरुष."

"मीच का?"

"तुमच्याबद्दल मंडळीत कोणाची तक्रार नाही."

घरी सांगितलं तर बायको इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. "मोकळं जीवन," ती म्हणाली. "पडद्याच्या फटीतून."

मी तयारी केली. मोकळेपणा म्हणजे मनात एक आणि ओठावर एक असं नसणं, शेजाऱ्याविषयी शंका आली तर ती त्यालाच विचारणं, वगैरे वगैरे. हे लिहिताना मी खिडकीशीच बसलो होतो आणि मधून मधून समोर बघत होतो. रविवारी मी ते सगळं व्यासपीठावरून बोललो. बायका डोक्यावर पदर घेऊन ऐकत होत्या. दोन वयस्क पुरुषांनी मान डोलावली, त्यातला एक झोपेत होता. उपासना संपल्यावर लोकांनी हात मिळवला. "मनाला लागलं, सर," म्हणाले. मला काहीच लागलं नव्हतं. घरी येऊन मटण खाल्लं. रविवारी उपासनेनंतर मटण, हा आमच्याकडे जवळजवळ विधीच आहे.

सोमवारी संध्याकाळी आबा पायरीवर आले.

"काल तुमचं भाषान हुतं म्हनं. कशावर बोललात?"

"प्रामाणिकपणावर. मोकळेपणावर."

"बरं झालं का?"

"लोक बरं म्हणाले."

आबांनी शेंगांची टरफलं गोळा करून बाजूला सारली. "सर, एक सांगू का? उभी नोकरी काट्यावर गेली माझी. गाडीवाला खाली उतरायच्या आधी मला कळतं, ह्येच्या मनात शंका हाय का न्हाई. नाताळापासून तुमी माझ्याकडं तसं बघताय. काय वजन कमी लागलं का तुमाला?"

आता गाडीवाल्याने बोलायचं असतं. मी बोललो. "आम्ही दिलेला फराळ तुम्ही मावशींना देता."

"कोन बोललं?"

"करंज्याच परत आल्या आमच्याकडे."

आबांनी नाही म्हटलं नाही. मला वाटलं होतं, म्हणतील. मग मला खोटं पकडायचं काम उरलं असतं, आणि ते सोपं आहे. त्यांनी गळ्यातली माळ बोटात धरली.

"ही माळ हाय, सर. तुमच्या घरात मटन शिजतं. तीच भांडी, तीच चूल."

"मान्य. पण तुमच्या पाहुण्यांकडे शिजत नाही का? तिथे तुम्ही जेवता."

"तिथं ती लोकं न्यारी भांडी काढत्यात."

"आम्हीही काढली असती. नवी आणली असती. तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

गल्लीतून एक टेम्पो गेला. त्याच्यासाठी आम्ही दोघांनी पाय आत घेतले.

"तुमी काल मोकळं बोलून आलाय, तर मीबी बोलतो," ते म्हणाले. "माळंचं मागनं आलं. पैल्यांदा आईचं हुतं. तुमी ऱ्हायला आलात त्या दिवशी आईनं तुमचं आडनाव इचारलं, तुमच्या वडलांचं गाव इचारलं, अन मंग मला आत बोलवून म्हनली, दिलं तर घ्यायचं, तोंडावर न्हाई म्हनायचं न्हाई, पन खायचं न्हाई. आई हुती तवर तिच्यासाठी म्हनून चाललं. आई गेली. मंग मी माळ पुढं केली."

जे शोधायला मी खिडकीत बसलो होतो ते असं उघड्यावर माझ्यापुढे ठेवलं गेलं. शंका खरी ठरली की माणसाला निदान हुशार तरी वाटावं. मला तेही वाटलं नाही.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता चुकीचं हाय ते कळतं. पन हात तोंडापत्तुर येतो न थांबतो. खोटं कशाला बोलू?" मग त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "आता तुमी सांगा. मी आनतो तो परसाद तरी तुमी खाता का?"

पायरीवर मोकळेपणाची लाट आली होती, आणि मला पोहता येत नव्हतं. कालच्या उपदेशात या जागी काय करायचं ते मी अर्धा तास सांगितलं होतं. मी 'हो' म्हणालो असतो तर कोणाला कळणारही नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

"मंग काय करता?"

"मावशींना देतो."

"त्याच मावशीला?"

"त्याच."

मला वाटलं आबा हसतील. मी हसायच्या तयारीतही होतो. ख्रिस्ती शिक्षकाचा लाडू आणि माळकऱ्याची करंजी मावशींच्या एकाच फडताळात शेजारी शेजारी बसलेली मला दिसत होती. आमचा खरा शेजार तिथेच झाला होता. पण आबांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"मी लाईनीत उभा ऱ्हातो, सर," ते हळू म्हणाले. "भायेर आलो की पैला लाडू तुमचा बाजूला काढतो. मंग घरचा."

मी समजावायला लागलो. आमच्यात देवापुढचं खात नाहीत, हा श्रद्धेचा भाग आहे, तुमच्याविषयी माझ्या मनात काही नाही. ते ऐकून घेत होते, आणि मी जे बोलत होतो ते सगळं माळेच्या गोष्टीसारखंच ऐकू येत होतं, मलासुद्धा.

"दिलं तर घ्यायचं, पन खायचं न्हाई," आबा उठत म्हणाले. "तुमीबी माझ्या आईवानीच की."

ते घरात गेले. त्यांनी दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं.

रात्री बायकोला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. "त्यांच्या आईचं ऐकून मला फार नवल नाही वाटलं," ती म्हणाली. "पण त्यांनी आपण होऊन सांगितलं. तुम्ही विचारल्यावर सांगितलंत."

"खरं तर सांगितलं ना?"

"सांगितलं. पण जेवायला बोलवायचं काम माझं होतं. तुम्ही मधेच चौकशी समिती बसवलीत. आता ते न जेवता तर जातीलच, न बोलताही जातील."

पुढच्या गुरुवारी लाडू आला नाही. शुक्रवारी मावशींनी कपडे दिले, सवयीने थोडा वेळ दारात थांबल्या आणि रिकाम्या हाताने गेल्या. पायरीवर मी एकटाच बसायचो. समोरच्या घरात बांधाबांध सुरू होती. भांड्यांचा आवाज यायचा. माझ्या डोक्यात शंकांना आता नवा खुराक मिळाला होता. आबा इतके रागावले ते लाडवासाठी, की मी त्यांच्या तोंडून ते वदवून घेतलं म्हणून? की राग हे निमित्त होतं, आणि त्यांना जाता जाता हे ओझं उतरवून टाकायचंच होतं? एका शेजाऱ्याविषयी किती तऱ्हेने वाईट विचार करता येतात, याचा मी तेव्हा बराच अभ्यास केला.

जायचा दिवस शनिवार होता. टेम्पो सकाळीच आला. कपाट, पलंग, पत्र्याचं पिंप, आईचं जातं. मी शर्टाच्या बाह्या वर करून कोणी न बोलावता गेलो आणि कपाटाचं एक टोक धरलं. दुसरं टोक आबांनी धरलं होतं. कपाट धरल्यावर माणसांना बोलावंच लागतं.

"डावीकडं घ्या, सर."

"माझी डावी की तुमची?"

"कपाटाची."

सामान चढलं. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी एकाचीच जागा होती, आणि वहिनींच्या हातात देव्हाऱ्यातले देव फडक्यात बांधलेले होते. दोघांनी आणि देवांनी त्यात मावायचं कसं, यावर आबा विचार करत उभे होते. आमची जुनी मोटार गल्लीच्या तोंडाशीच उभी होती. "आमच्या गाडीतून चला," बायको वहिनींना म्हणाली. "आम्ही खर्ड्यापर्यंत सोडतो." आबांनी तोंड उघडायच्या आत वहिनी मागच्या सीटवर जाऊन बसल्या, देवांसकट. आबा मग पुढे माझ्या शेजारी बसले. माझ्या मोटारीत एवढे देव पहिल्यांदाच बसले होते. मी नेहमीपेक्षा हळू चालवली. कुठल्या श्रद्धेने ते विचारू नका.

नगर ओलांडल्यावर एका टपरीपाशी मी गाडी थांबवली.

"चहा घेता, आबा?"

"घेतो."

"पित्त?"

"आज न्हाई." आणि ते इतकं बारीक हसले की मला ते हसू होतं की नव्हतं याचीही शंका राहिली.

खर्ड्याच्या अलीकडे आबांचं शेत रस्त्यालगतच आहे. त्यांचा धाकटा भाऊ ज्वारीच्या कडेला शेणकुटाची आगटी पेटवून वाटच बघत होता. घर गाठायच्या आधी हुरडा खायचा, असा त्याचा बेत होता. कोवळी कणसं कापून ठेवली होती. पोत्यावर गूळ आणि शेंगदाण्याची चटणी मांडलेली होती. भावाने आमच्याकडे बघितलं.

"पाव्हनं कोन?"

"समोर ऱ्हात्यात ते सर," आबा म्हणाले. त्यांनी माझं आडनाव सांगितलं. मग भाऊ काही विचारायच्या आधीच म्हणाले, "ख्रिस्ती हायेत."

"असं व्हय," भाऊ म्हणाला.

त्याने पाणी दिलं, तांब्यातून वरून ओंजळीत. मी प्यालो आणि लगेच वडिलांच्या शिकवणीप्रमाणे बघायला लागलो की तो स्वतः कसा पितो. तोही वरूनच प्याला. पण तो आम्ही असताना तसा प्याला, की एरवीही तसाच पितो, हे काही मला ठरवता आलं नाही. बायकोने माझ्याकडे डोळे वटारले. तिला कळलं होतं मी काय मोजतोय.

निखाऱ्यातून कणसं बाहेर आली. आबांनी एक गरम कणीस तळहातात घेऊन चोळलं, फुंकून कोंडा उडवला. हिरवेगार दाणे हातात राहिले. भाऊ म्हणाला, "दादा, आधी रानाला. मंग बाकीच्यांला." त्यांच्याकडे पहिली मूठ देवाचं नाव घेऊन मातीला देतात.

आबांनी मूठ माझ्यापुढे केली. "ही आधी सरांना."

"आवो, पन देवाला..."

"त्येंच्यात देवापुढचं चालत न्हाई. म्हनून त्येंचं आधी काढलं. देवाला दुसरी मूठ देतो. देव काय उपाशी न्हाई." भाऊ बघत राहिला. वहिनी गूळ फोडता फोडता थांबल्या. आबांनी मोठ्याने, आपल्या रानात, आपल्या भावापुढे सांगितलं होतं. मी ओंजळ पुढे केली आणि दाणे घेतले. फ्रिजवर ठेवायला जागा नव्हती. खाल्ले. गोड होते.

मग मी एक कणीस उचललं. ते इतकं गरम असतं हे शहरात राहून विसरायला होतं. हात भाजले. मी कसंबसं चोळलं, फुंकर मारली, निम्मा कोंडा तसाच राहिला, आणि तो लगदा मी तळहातावर घेऊन आबांपुढे धरला. करंजी नव्हती, आमच्या चुलीवरचंही नव्हतं. पण माझ्या हाताने केलेलं होतं, घामासकट. आता आबांना एकादशी आठवेल, असं मला वाटलं. भाऊ आबांच्या हाताकडे बघत होता. मी भावाकडे बघत होतो. बायको कोणाकडेच बघत नव्हती, तिने डोळे मिटले होते. तिला प्रार्थनेला जागा लागत नाही.

आबांचा हात पुढे आला आणि मधे थांबला. त्यांनी सांगितलं होतं तसाच. माझे भाजलेले हात तसेच पुढे होते आणि मला ते मागे घ्यावेसे वाटत होते, त्यांची सुटका व्हावी म्हणून. मग त्यांनी माझ्या तळहातावरून दाणे उचलले, कोंड्यासकट, तोंडात टाकले आणि चावायला लागले.

मी त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. उपदेश देऊन पंधरा दिवस झाले होते, पण खोड कुठे जाते? गालात ठेवून मागे वळून थुंकतील, असं एक मन म्हणत होतं.

"गिळलं, सर," आबा म्हणाले. "बघायचं का?" आणि त्यांनी खरोखर आ केला. जिभेवर कोंड्याचं एक कुसळ चिकटलेलं होतं.

भाऊ हसला. त्याने आपलं कणीस आपणच आगटीतून उचललं, माझ्या हातचं मागितलं नाही, आणि मीही पुढे केलं नाही. बायकोने डोळे उघडले. वहिनींनी गुळाचा खडा तिच्या हातात दिला.

आबा अजून दातातला कोंडा जिभेने काढत होते. "चोळायला शिका आदी," ते म्हणाले. "तुमच्या हातचं खायचं म्हंजी लई दमाचं काम हाय." आणि त्यांनी परत हात पुढे केला.